अमेरिकन आणि इंपोर्टेड

किसन मिलिटरी लग्नाला जावो, मयतीला जावो, नाहीतर दवाखान्यात सुई टोचून घ्यायला जावो, गाडीचा एक तुकडा खिशात घालूनच जायचा. थट्टा करत नाही. पेट्रोलच्या इंजिनात करंटच्या डबीत बोटभर लांबीचा एक काळा तुकडा फिरत असतो, त्याला रोटर म्हणतात. तो काढून घेतला की गाडी म्हणजे बसायचा ओटा. गाडी उभी केली की किसन आधी बॉनेट उघडणार, तो तुकडा काढणार, रुमालात गुंडाळणार आणि बनियनच्या आतल्या खिशात ठेवणार. लढाईत शिकलेली रीत. शत्रूच्या हाती गाडी पडली तरी त्याला ती चालवता येऊ नये. आता घाटनांदूरला शत्रू कोण, असं तुम्ही विचाराल, तर किसनच्या मते आम्ही सगळेच होतो.

मी तेव्हा खरेदी-विक्री संघात कारकून होतो. खत, बियाणं, सरकीची पेंड असला आमचा कारभार. संघाकडं एकच वाहन होतं, लढाईनंतर लिलावात निघालेला एक अमेरिकन ट्रक. नाक बसकं, रंग वाळलेल्या शेवाळासारखा. त्याच्यावर ड्रायव्हर किसन वाघमारे. वय पन्नाशीच्या पुढं, उंच, मिशा कातरलेल्या, अंगात खाकी सदरा. गाव त्याला मिलिटरी म्हणायचं, मी मिलिटरीमामा म्हणायचो. घरी कोणी नव्हतं. तो बर्माच्या लढाईत असताना इकडं पटकीच्या साथीत बायको गेली, आणि ते कळवणारं पत्र त्याला सहा महिन्यांनी मिळालं. संघात लागल्यापासून तो गाडीच्या शेडमध्येच एका बाजेवर राहायचा. हे मला दुसऱ्याकडून कळलं. त्यानं स्वतः घरची गोष्ट कधी काढली नाही.

तर ते रोटर. एकदा आमचे चेअरमन अण्णा गेवराईला बैठकीला निघाले. ते ट्रकमधूनच हिंडायचे, पर्याय नव्हता. बैठक लांबणार म्हणून किसन जवळच्या गावी भाचीच्या लग्नात अक्षता टाकायला गेला. नेमकी बैठक लवकर आटपली. अण्णांनी एका ओळखीच्या माणसाला ट्रक चालू करायला बसवलं. गेवराईतले होते नव्हते तेवढे मिस्त्री जमले. एकानं बॅटरी बदलली, एकानं पेट्रोलची नळी तोंडानं फुंकली, एकानं अण्णांना गाडी विकायचा सल्ला दिला. दोन तासांनी किसन पान खात आला. बनियनमध्ये हात घातला, रुमाल सोडला, तुकडा पुसून जागेवर बसवला आणि पहिल्या झटक्यात गाडी चालू केली.

"अरे, मला तरी सांगून जायचं बे!" अण्णा ओरडले.

"तुमाला सांगितल्यावर मंग राखन कसली, अण्णा?"



"ह्यात कायतरी हाय," हे किसनचं पालुपद. चहा जास्त गोड झाला, ह्यात कायतरी हाय. एसटी वेळेवर आली, ह्यात कायतरी हाय. मी एकदा त्याला विनाकारण विडीचं बंडल दिलं, तर त्यानं आधी त्याचा वास घेतला, मग माझ्याकडं पाहिलं आणि म्हणाला, "भाऊसाहेब, काम काय हाय ते आधी सांगा." काम काहीच नव्हतं. माझ्या मेव्हण्याची बदली झाली म्हणून मी खुशीत होतो. पण त्यानं असं पाहिलं, की मलाच वाटायला लागलं, आपलं काहीतरी काम असणार.

माणसांवर त्याचा विश्वास नव्हता, पण गाड्यांवर होता. तोही सगळ्या गाड्यांवर नव्हे. लढाईत त्यानं अमेरिकन ट्रक चालवले होते, आणि पुढं हैदराबादला एका जहागीरदाराकडं विलायती मोटारीवर होता. त्यामुळं ह्या विषयात तालुक्यात त्याच्या तोडीचा माणूस नव्हता. निदान तोंडाच्या बाबतीत तरी नव्हता.

"अमेरिकावाला गाडी बनवताना धरून चालतो, की चालवनारा गाढव हाय," तो सांगायचा. "म्हनून त्याची गाडी टिकती. चिखलात घाला, उन्हात घाला, पेट्रोलात कचरा असू द्या, ती शिव्या देत जाईल पर जाईल. इंग्रज धरून चालतो, की चालवनारा साहेब हाय आन् पदरी दोन मिस्त्री हायत. म्हनून त्याची गाडी रुसती. धूळ लागली, रुसली. ऊन लागलं, रुसली. जहागीरदाराची गाडी मी तीन वर्सं चालवली भाऊसाहेब, त्यात दीड वर्स तिची समजूत घालन्यात गेलं."

"आणि आपली देशी?"

"आपला बनवनारा कायबी धरून चालत न्हाई."

मी सांगतोय त्या साली रेशनला अमेरिकेची लाल ज्वारी आली होती, मिलो. भाकरी तांबडी, चव ओल्या गोणपाटासारखी, आणि गावातल्या निम्म्या पोटांनी तिच्याविरुद्ध बंड केलेलं. लोक किसनला गाठायचे. "काय मिलिटरी, तुझ्या अमेरिकेनं पाठवलेली जवारी खाऊन आमी शेतात चकरा मारायलोत!" तो शांतपणे म्हणायचा, "जवारीचं मला ठावं न्हाई. मी फकस्त इंजिनाची ग्वाही देतो."

तर साल होतं बहात्तरचं. त्या दुष्काळाचं वर्णन मी करत बसणार नाही. ज्यांनी तो पाहिला त्यांना नको आहे आणि ज्यांनी पाहिला नाही त्यांना ते पटायचं नाही. एवढंच सांगतो, त्या साली सगळेच एकमेकांकडं वाकड्या नजरेनं बघायला लागले होते. खडी फोडायला गेलेला माणूस मुकादमावर संशय घ्यायचा, मुकादम हजेरीवाल्यावर. माझी बायको रांजणावर झाकण ठेवून त्यावर पाटा ठेवायची. मी विचारलं कोणाच्या भीतीनं, तर म्हणाली, तुमच्या. मी दोनदा तोंड धुतो म्हणून.

संघानं अमेरिकन ट्रकवर लोखंडी टाकी बसवली. रेल्वे फाटकाजवळ एका विहिरीला तेवढं पाणी टिकून होतं. तिथून भरायचं आणि पिंपळखिंडीपलीकडं डोंगरातल्या सहा वस्त्यांना न्यायचं. वाट म्हणजे नुसते दगडगोटे. इतर ठिकाणी टँकर यायचा, गावच्या विहिरीत पाणी ओतायचा आणि निघून जायचा. मग ज्याला विहिरीवर पाय ठेवता येतो त्यानं शेंदून घ्यायचं. आणि ज्याला ठेवता येत नाही, त्यानं लांब उभं राहायचं, कोणाला दया येईपर्यंत.

किसननं एक थेंबही विहिरीत ओतला नाही. टाकीच्या मागं तोटी बसवून घेतली आणि वस्तीवर गाडी गेली की ओरडायचा, "रांग! आधी आला त्याची आधी. मिलिटरी कायदा हाय!" मग पाटलीणबाईंची घागर बौद्धवाड्यातल्या एखाद्या म्हातारीच्या डब्यामागं, आणि त्यांच्यामागं तांड्यावरची बाई. कोणी मध्ये घुसायला लागला की हा तोटी बंद करून विडी पेटवायचा. विडी संपेपर्यंत पाणी बंद. चार दिवसांत रांग अशी सरळ झाली की मलाच आश्चर्य वाटलं. अण्णांकडं तक्रारी यायच्या, पण त्या वाटेवर तो ट्रक घालणारा दुसरा कोणी नव्हता, म्हणून अण्णा कानावर हात ठेवायचे.

एकदा मी त्याच्याबरोबर गेलो होतो. परत येताना म्हणालो, "मामा, विहिरीत ओतून मोकळं का होत नाही? अर्धा वेळ वाचेल."

त्यानं गिअर बदलला. मग म्हणाला, "बर्मात एका टाकीतून समदे प्यायलो, भाऊसाहेब. गोरा, शीख, पठान, मी. तहान लई वाईट होती, कोनी कोनाची जात इचारली न्हाई. लढाई संपली, गावाकडं आलो. अंगावर वर्दी, छातीवर बिल्ला. विहिरीवर पानी मागितलं. वरून वतलं. ओंजळीत."

आमच्या घरी त्याच्यासाठी कान तुटलेला एक कप वेगळा, ओसरीच्या कोनाड्यात ठेवलेला असायचा. तो कप त्याला ठाऊक होता आणि त्याला ठाऊक आहे हे मला ठाऊक होतं. मला लाज वाटली. पण खरं सांगायचं तर कप कोनाड्यातून काढायला मला पुढं आणखी दीड महिना लागला.

अशात एक दिवस अण्णा मुंबईहून दुसरा ट्रक घेऊन आले. विलायती. बंदरातल्या लिलावात मिळालेला, निळाशार, चकचकीत. तो चालवायला अण्णांचा भाचा दिगंबर, डोळ्यांवर काळा चष्मा. अण्णांनी नारळ फोडला आणि जाहीर केलं, "इंपोर्टेड हाय, इंपोर्टेड!"

"अन् आपली ही काय घाटनांदूरला बनली का?" किसननं मागून विचारलं.

लोक हसले, पण नाव चिकटलं ते चिकटलंच. त्या दिवसापासून गावात दोन जाती झाल्या, एक अमेरिकन आणि दुसरी इंपोर्टेड. चहाच्या टपरीवर भांडणं व्हायची. इंपोर्टेडवाले म्हणायचे, गाडीचा आवाज सायकलीएवढा. अमेरिकनवाले म्हणायचे, सायकलीएवढीच ताकद. प्यायला घोटभर पाणी नव्हतं, पण घसा कोरडा पडेपर्यंत लोक दोन इंजिनांवर बोलायचे.

किसननं इंपोर्टेडची तपासणी केली, ती पोरगी बघायला आल्यासारखी. भोवती तीन फेऱ्या मारल्या. बॉनेटवर कान ठेवला. तेल मोजायची कांडी काढून बोटावर चोळलं, वास घेतला. मग दिगंबरला म्हणाला, "रंग नवा हाय."

"मग?"

"रंग नवा कावून दिला आसंल? ह्यात कायतरी हाय."

आता खरी गोष्ट. आमचे अण्णा त्या वेळी सहकारी साखर कारखाना काढत होते. प्यायला पाणी नाही तिथं ऊस कुठून येणार, असं विचारलं तर म्हणायचे, पाऊस काय जन्मभर रुसून बसतो का? कारखान्याच्या जागेवर यंत्रं यायची होती, त्यासाठी एक भरवशाची गाडी कायमची तिकडं हवी होती. दिगंबर म्हणे, इंपोर्टेड न्या. पण अण्णांचा सख्ख्या भाच्यावरही विश्वास नव्हता. त्यांनी संचालक मंडळापुढं ठरवलं, परीक्षा घ्यायची. दोन्ही गाड्या पाणी भरून पिंपळखिंड चढतील. जी न थांबता चढेल ती आपल्या ड्रायव्हरसकट कारखान्यावर. जी हरेल ती आपल्या ड्रायव्हरसकट पाण्याला.

दिगंबरनं तिथंच सांगून टाकलं, "मी समजा पाण्याला राहिलो तर रोज त्या खिंडीत गाडी घालनार न्हाई. गावच्या विहिरीत वतीन. ज्याला पायजे त्यानं यावं."

किसन दाराशी उभा होता. त्यानं विचारलं, "आन् मी पान्याला राहिलो तर? कुठं वतायचं ते कोन ठरवनार?"

"तू ठरव बाबा," अण्णा वैतागून म्हणाले. "तुझी गाडी पोचंल तिथं ओत."

मला सगळं कळत होतं, मी काही दूधखुळा नव्हतो. अमेरिकन जिंकली की किसन कारखान्यावर जाणार आणि सहा वस्त्यांचं पाणी विहिरीत. मग ती रांग संपली. पण मला एक खात्री होती, मिलिटरीला वस्त्यांपेक्षा त्या ट्रकची अब्रू मोठी. ज्या माणसानं वीस वर्षं तालुकाभर अमेरिकेची ग्वाही दिली, तो इंपोर्टेडपुढं मान खाली घालणार? मेला तरी नाही.

अण्णांनाही तेच वाटलं. त्यांनी मला बाजूला घेतलं. "परीक्षेला दोन दिवस हायत. त्यो किसन इंपोर्टेडमध्ये काहीतरी करून ठेवणार. तू तिला राख. एक क्षण डोळ्याआड होऊ देऊ नको. काही झालं तर तुझी नोकरी गेली समज."

नोकरी गेली म्हटल्यावर मी कुत्र्यासारखी राखण केली. शेडमध्ये इंपोर्टेडच्या बॉनेटसमोर खुर्ची टाकून बसलो. वर पत्रा तापलेला, डोक्यावर ओला टॉवेल, तोही सुकलेला. गाडीभोवती खडूनं रेघ मारली आणि किसनला बजावलं, "मामा, ह्या रेघेच्या आत यायचं नाही."

"मिलिटरीत ह्याला बॉर्डर म्हनतात," तो म्हणाला आणि रेघेच्या बाहेरून फेऱ्या मारायला लागला. हातात पाना. मधेच थांबायचा, वाकून चाकाकडं बघायचा, मान हलवायचा. "भाऊसाहेब, मागचा डावा टायर बसल्यासारखा दिसायलाय, बघा बरं." मी जाऊन बघायचो, टायर ठणठणीत. परत येतो तो हा आपल्या अमेरिकनपाशी, फडक्यानं तिला पुसत उभा. मी मनात म्हणायचो, पूस बाबा पूस, सजव तुझ्या नवरीला, पण इकडं हात लावू देणार नाही. रात्री किसनची बाज बाहेर काढून शेडला कुलूप आणि किल्ली माझ्या उशाखाली. दोन दिवसांत इंपोर्टेडला माशी शिवू दिली नाही.

परीक्षेच्या सकाळी अर्धं गाव खिंडीत जमलं. वस्त्यांवरच्या बायका घागरी घेऊन वर माथ्यावर बसल्या होत्या. पाणी आज तिथंच वाटायचं होतं. अण्णांनी मला अमेरिकनमध्ये किसनशेजारी बसवलं. "हात कुठं घालतो त्याच्यावर नजर ठेव."

इंपोर्टेड पुढं गेली. अर्ध्या चढावर तिच्या नाकातून वाफ निघायला लागली, पण दिगंबरनं दामटली आणि ती फुसफुसत का होईना, न थांबता माथ्यावर पोचली. शिट्ट्या झाल्या. मग आम्ही निघालो.

पहिलं वळण अमेरिकननं असं घेतलं, की मला वाटलं, संपलं, हीच गाडी कारखान्याला. दुसऱ्या वळणावर ती खोकली. मग आचके द्यायला लागली. मग बंद.

किसन खाली उतरला. "पेट्रोल बघतो," म्हणाला आणि टाकीचं झाकण उघडून परत लावलं. गाडी चालू झाली. पाचपन्नास हात गेली, परत बंद. परत उतरला, परत झाकण. दिगंबर धावत खाली आला, त्यानं बॉनेट उघडून काय काय चाचपलं, त्याला काही सापडलं नाही. तिसऱ्यांदा बंद पडली तेव्हा वरून आरडाओरडा सुरू झाला.

"मिलिटरी, अमेरिका बसली की बे!"

"बैल आनू का?"

"मिलो खाऊन आली का काय!"

सगळी खिंड हसत होती. मीही हसलो. मलाही बरं वाटलं, खोटं कशाला सांगू? वीस वर्षं हा माणूस सगळ्या जगावर संशय घेत आला, आणि ज्या एका वस्तूवर त्याचा भरवसा होता तीच भर चौकात उताणी पडली. कोणाला बरं वाटणार नाही? मी शेजारी पाहिलं. किसननं स्टिअरिंग दोन्ही हातांनी धरलं होतं. जबडा आवळलेला. डोळे समोर. एका बाजूनं घाम मानेवर उतरत होता, तो पुसतही नव्हता. मला वाटलं, अपमान झालाय, साहजिक आहे.

चौथ्या खेपेला आम्ही माथ्यावर पोचलो. अण्णांनी सगळ्यांसमोर निकाल दिला, इंपोर्टेड कारखान्याला. किसन खाली उतरला. गाडीच्या मागं गेला, तोटीला हात घातला आणि हाक दिली, "रांग!"

दुसऱ्या दिवशी सकाळी मी शेडमध्ये गेलो. मला निकालाचा अहवाल लिहायचा होता, गाड्यांचे नंबर टिपून घ्यायचे होते. किसन पाठमोरा होता. हातात अमेरिकनच्या पेट्रोलच्या टाकीचं झाकण, आणि एका बाभळीच्या काट्यानं तो झाकणावरच्या बारीक भोकातून काहीतरी पिवळं चिकट खरवडत होता. मी जवळ गेलो. बाभळीचा डिंक होता.

"हे काय हो, मामा?"

तो दचकला नाही. मास्तरानं फळ्यापुढं सांगावं तसं सांगायला लागला. "टाकीला श्वास घ्यायला एवढंसं भोक आसतंय, भाऊसाहेब. ते बुजवलं की पेट्रोल खाली येत न्हाई. पयलं थोडं जाती, मंग गुदमरती. झाकन उघडलं की परत श्वास."

"म्हणजे तुम्ही तिला मुद्दाम गुदमरवलं?"

"व्हय." एवढंच म्हणाला, आणि मान वळवली. पोटच्या पोराला मारल्यावर माणसाचा आवाज असा होतो.

मला आधी आला तो राग. दोन दिवस त्या तापलेल्या पत्र्याखाली मी भाजून निघालो होतो. बसलेला टायर! आता आठवलं मला, मी टायर बघायला गेलो की तो अमेरिकनपाशी काय पुसत होता ते. "मला मूर्ख बनवलंत तुम्ही! दोन दिवस मी—"

"तुमी इंपोर्टेड लई चांगली राखली," तो म्हणाला. अगदी मनापासून. "कुनीबी हात लावला न्हाई तिला. मीबी न्हाई."

"आणि मी आता अण्णांना जाऊन सांगितलं तर?"

"सांगा की. तुमची नोकरी हाय. फकस्त सकाळची खेप टाकून येतो, मंग सांगा. मुरकुटवाडीला काल पानी पुरलं न्हाई."

तो झाकण लावून गाडीत चढला. पहिल्या झटक्यात अमेरिकन चालू झाली आणि शेडच्या बाहेर पडली, जराही न खोकता. मी त्या खडूच्या रेघेत एकटा उभा राहिलो. मी काही शूर माणूस नाही. अण्णांच्या खोलीच्या दारापर्यंत मी गेलो, हे कबूल करतो. पण दारात डोळ्यांपुढं ओंजळ आली, आणि मग घरचा तो कप. मी परत फिरलो आणि टेबलावर बसून अहवाल लिहायला घेतला.

त्या इंपोर्टेडचं पुढं काय झालं, तेही सांगतो. गाडी वाईट नव्हती, पण तिला माळावरची धूळ सोसली नाही. पंधरा दिवसांत ती कारखान्याच्या जागेवर जी बसली, ती मुंबईहून सामान येईपर्यंत बसूनच राहिली. दिगंबरनं तेवढ्यात तिच्या सावलीला खाट टाकली. अण्णांना अमेरिकन परत हवी होती, पण मागणार कोणत्या तोंडानं? त्यांच्याच सहीनं मंजूर झालेला अहवाल सांगत होता, की ती गाडी भरवशाची नाही. पाऊस पडेपर्यंत सहा वस्त्यांवर ती रांग चालू राहिली.

पण हे नंतरचं. त्या दिवशी दुपारी किसन खेप टाकून आला आणि ऑफिसच्या उंबऱ्याबाहेर उभा राहिला. आत ये म्हटलं तरी येईना.

"सांगितलं का अण्णांना?"

"नाही."

त्यानं मान हलवली. आभार वगैरे मानायची त्याला सवय नव्हती. थोडा वेळ घुटमळला. "कागुद लिवला?"

"लिहिला."

"वाचा बरं."

मी वाचायला लागलो. संचालक मंडळाच्या निर्णयानुसार पिंपळखिंड येथे दोन्ही वाहनांची तपासणी करण्यात आली, वगैरे वगैरे. शेवटी आलं, "संघाचा अमेरिकन बनावटीचा ट्रक चढावर तीन वेळा बंद पडला. सदर वाहन भरवशाचे नाही."

तो उंबऱ्यावरच बसला. बाहेर ऊन रणरणत होतं आणि तो आपल्या हाताच्या तळव्याकडं बघत होता. मला कळेना. ज्यासाठी एवढं सगळं केलं तेच तर मी कागदावर उतरवलं होतं.

"हे मीटिंगमदी वाचनार?"

"वाचणारच."

"आन् मंग कपाटात ऱ्हानार. कायमचं."

"हो."

"भाऊसाहेब," तो म्हणाला, आणि मी त्याच्या तोंडून पहिल्यांदाच विनवणी ऐकली, "एक शब्द घाला की त्यात."

"कोणता?"

"वयोमानामुळं." त्यानं मान वर केली. डोळ्यांत पाणी होतं आणि ते लपवायचंही त्याला सुचलं नाही. "वयोमानामुळं भरवशाची न्हाई, असं लिवा. तिचं वय झालंय एवढंच. ती तशी न्हाई. हिच्या भनीनं मला बर्मातून जित्ता आनला. खोटं कुनाच्या गळ्यात बांधावं लागलं बघा... हिच्याच बांधावं लागलं."

मी टाक उचलला. दोन शब्दांच्या मधे वर बाण काढून "वयोमानामुळे" असं बारीक अक्षरात घातलं, आणि बाजूला सही केली, म्हणजे कोणी खोडाखोड म्हणू नये. मग त्याला परत वाचून दाखवलं. त्यानं डोळे मिटून ऐकलं.

"आता बरं हाय," म्हणाला.

दुपारची खेप न्यायची होती. तो उठला आणि गाडीकडं गेला. मी खिडकीतून बघत होतो. चढायच्या आधी तो बॉनेटसमोर थांबला, तापलेल्या पत्र्यावर हात ठेवून वाकला आणि तिच्याशी काहीतरी बोलला. काय बोलला ते मला ऐकू आलं नाही. पण माझी खात्री आहे, कागदात काय लिहिलंय ते सगळं त्यानं तिला सांगितलं नसणार.